रविवार, पाऊस आणि अकरा माणसे

पावसाळ्यातील रविवारी सकाळी नोकरदार मुंबई आठवड्यातून एकदाच लाभणारी झोप पुरती करून घेत असते. नेमक्या त्याच वेळी चर्चगेटकडे आणि बोरीबंदरकडे जाणाऱ्या गाड्यांत काही माणसे हटकून दिसतात. खांद्याला लांबट पिशवी, हातात छत्री, पायांत चिखलाला सरावलेल्या चपला आणि नजर सतत खिडकीबाहेरच्या आभाळावर. त्यांत महाविद्यालयात जाणारी पोरे असतात, बँकेतले कारकून असतात, एखादा शाळामास्तर असतो आणि चाळिशी ओलांडूनही घरच्यांच्या बोलण्याकडे काणाडोळा करणारा एखादा गृहस्थही असतो. पाऊस पडत असतो, तरीही ही माणसे क्रिकेट खेळायला निघालेली असतात. अन्य कोणत्याही शहरात याला वेडेपणा म्हणतील. मुंबईत त्याला कांगा लीग म्हणतात.

डॉ. एच. डी. कांगा स्मृती क्रिकेट लीगला १९४८ साली आरंभ झाला. विजय मर्चंट यांच्या कल्पनेतून ती साकारली, असे मानले जाते. १९३६ आणि १९४६ अशा दोन दौऱ्यांत मर्चंट यांनी इंग्लंडच्या ओलसर हवेतील खेळपट्ट्या जवळून पाहिल्या होत्या. दुसऱ्या दौऱ्यात तर त्यांनी दोन हजारांहून अधिक धावा केल्या. कोरड्या, टणक खेळपट्टीवर वाढलेला आपला फलंदाज तिकडे गेल्यावर चाचपडतो, तेव्हा त्याला घरच्या घरीच ओल्या खेळपट्टीची सवय का लावू नये, हा विचार त्यामागे होता. मुंबईला त्यासाठी वेगळी सोय करावी लागणार नव्हती. एकट्या जुलै महिन्यात जिथे सरासरी आठशे मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तिथे खेळपट्टी न झाकण्याचा निर्णय तेवढा घ्यायचा होता.

ज्यांच्या नावे ही स्पर्धा आहे ते डॉ. होरमसजी कांगा १९४५ साली निवर्तले. व्यवसायाने वैद्य असलेले कांगा पारशी संघाचे नामांकित फलंदाज होते. १९०५ साली त्यांनी पुण्यात २३३ धावांची खेळी केली आणि १९११ साली इंग्लंडला गेलेल्या भारतीय संघातही ते होते. त्याच संघात पळवणकर बाळू होते. त्या दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेणाऱ्या या गोलंदाजाला हिंदूंच्या संघाचे कर्णधारपद मात्र जातीपायी कधी मिळाले नाही. हा उल्लेख विषयाला सोडून आहे असे कोणी समजू नये. मुंबईचे क्रिकेट तेव्हा जातिधर्मांच्या संघांतून खेळले जात असे आणि त्यातील शेवटची पंचरंगी स्पर्धा १९४६ साली संपली. त्यानंतर दोनच वर्षांनी आलेल्या कांगा लीगमध्ये पारशी, हिंदू, इस्लाम, कॅथलिक ही जिमखान्यांची नावे तशीच राहिली. पण ती एकाच गुणतक्त्यात, दादर युनियन, कर्नाटक स्पोर्टिंग आणि जॉन ब्राइट यांच्या शेजारी येऊन बसली. नावे जुनी आणि व्यवहार नवा, ही तडजोड मुंबईच्या स्वभावाला साजेशीच होती.

या लीगची रचना समजून घेण्याजोगी आहे. 'ए'पासून 'जी'पर्यंत सात गट आणि प्रत्येक गटात चौदा संघ. म्हणजे ९८ संघ, आणि प्रत्येकाच्या वाट्याला तेरा रविवार. सामना एका दिवसाचा. परंतु आजच्या मर्यादित षटकांच्या सामन्यासारखा नव्हे. पहिल्या डावातील आघाडीला गुण आहेत, पण त्याच दिवशी दोन्ही डाव संपवून निर्णायक विजय मिळवला तर गुण अधिक. ओल्या खेळपट्टीवर तेही घडते. तळाचे संघ पुढल्या वर्षी खालच्या गटात जातात, वरचे संघ वर चढतात. पावसाने सामना वाहून गेला तर तो गेलाच. त्यामुळे पाऊस हा या लीगमधला पंधरावा संघ आहे आणि तो सर्व गटांत एकाच वेळी खेळतो!

प्रत्यक्ष खेळाचे स्वरूप दूरचित्रवाणीवर क्रिकेट पाहणाऱ्याला ओळखू येणार नाही. मैदानावर गवत घोट्याच्या वर वाढलेले असते. उत्तम तडकावलेला चेंडू जमिनीवरून गेला तर वीस-पंचवीस पावलांवर गवतात रुतून बसतो. तेव्हा धावा हव्या असतील तर चेंडू उचलून मारणे भाग. आणि उचलून मारावा तर खेळपट्टीचा भरवसा नाही. एक चेंडू घोट्याशी सरपटतो, दुसरा त्याच टप्प्यावरून हनुवटीकडे येतो. इथे ३० धावा करणाऱ्या फलंदाजाकडे लोक आदराने पाहतात. शंभराच्या आतबाहेर सामने जिंकले जातात. गोलंदाजाच्या कमरेला फडके खोचलेले असते आणि ओला, जड झालेला चेंडू दर वेळी पुसून घ्यावा लागतो. आझाद मैदानावर एकूण २२ खेळपट्ट्या असल्याचे सांगतात. त्यामुळे एका सामन्याचा मिडऑन दुसऱ्या सामन्याच्या कव्हरशी गप्पा मारीत उभा असतो आणि तिसऱ्याच सामन्याचा चेंडू दोघांच्या मधून निघून जातो. नवख्याला हा गोंधळ वाटेल. सरावलेल्या खेळाडूला आपला चेंडू कोणता, हे पाठीमागून आलेल्या आवाजावरूनही कळते.

याच चिखलातून मुंबईचा 'खडूस' फलंदाज घडला, असे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. मुंबईने १९५८-५९ पासून १९७२-७३ पर्यंत सलग पंधरा वेळा रणजी करंडक जिंकला, १९७१ साली अजित वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीज आणि इंग्लंड या दोन्ही देशांत मालिका जिंकल्या, या सर्वांचे मूळ कांगा लीगमध्ये शोधण्याची प्रथा आहे. यात तथ्य आहे, पण त्याचे माप नीट घ्यायला हवे. लीग सुरू होऊन चार पावसाळे लोटल्यानंतर, १९५२ च्या इंग्लंड दौऱ्यात हेडिंग्लेच्या दुसऱ्या डावात एकही धाव होण्यापूर्वी आपले चार गडी बाद झाले. त्या चौघांत माधव मंत्री आणि विजय मांजरेकर हे दोन मुंबईकर होते, आणि त्यांतील मांजरेकरांनी पहिल्या डावात १३३ धावा काढल्या होत्या. पुढे मँचेस्टरला आपला संघ एकाच दिवशी ५८ आणि ८२ धावांत दोनदा गारद झाला. १९७१ चा ओव्हलचा विजयही मुख्यतः म्हैसूरच्या चंद्रशेखर यांच्या मनगटाने मिळवून दिला. त्यांनी दुसऱ्या डावात ३८ धावांत ६ गडी टिपले. कांगा लीगला सारे श्रेय देणारे हा तपशील सहसा विसरतात. आता तर तो मूळ हेतूही उरलेला नाही. कसोटीच्या खेळपट्ट्या झाकल्या जातात, आणि १९८० च्या दशकापासून इंग्लंडच्या परगण्यांतही उघड्या खेळपट्टीचे क्रिकेट संपले. ओल्या खेळपट्टीवर खेळण्याची कला ज्यासाठी शिकायची, ते ठिकाणच राहिले नाही.

मग ही लीग आज हवी कशाला? हा प्रश्न जाणकारही विचारतात आणि त्यात गैर काही नाही. त्याचे उत्तर मात्र कसोटीवीरांच्या यादीत सापडणार नाही. ते क्लबांत शोधावे लागेल.

मुंबईचा क्लब म्हणजे इमारत नव्हे. आझाद मैदान वा क्रॉस मैदानावरील बहुतेक क्लबांची मालमत्ता म्हणजे एक तंबू, एक पत्र्याची पेटी, काही सामाईक पॅड आणि एक माळी. क्लब उभा राहतो तो चिटणिसाच्या जिवावर. वर्गणी गोळा करणारा, शनिवारी रात्री अकरा जणांची जुळवाजुळव करणारा, आणि बारावा आला नाही म्हणून स्वतः पॅड बांधणारा तोच. त्याचे नाव वर्तमानपत्रात छापून येत नाही. दादर युनियन आणि शिवाजी पार्क जिमखाना यांच्यातील चुरशीची वर्णने आपण पुष्कळ वाचली आहेत. रेल्वेमार्गाच्या पूर्वेला माटुंग्याचे दडकर मैदान, पश्चिमेला शिवाजी पार्क. एकीकडे मंत्री, वासू परांजपे, सुनील गावसकर, दिलीप वेंगसरकर, तर दुसरीकडे वाडेकर आणि पद्माकर शिवलकर. दादर युनियनची शिस्त इतकी कडक की कसोटी खेळून आलेल्यालाही वेळेवर हजर राहण्यातून सूट नसे. शिवलकरांसारखा ५८९ प्रथम श्रेणी बळींचा धनी कसोटी न खेळताच निवृत्त झाला आणि मार्च २०२५ मध्ये निवर्तला. त्याला कसोटीची टोपी मिळाली नाही. पण पावसाळ्यातल्या रविवारी त्याच्यासमोर उभे राहिलेल्या शेकडो कारकुनांनी आणि विद्यार्थ्यांनी त्याची थोरवी स्वतःच्या यष्ट्या मोडताना पाहिली. असा योग किती खेळांत येतो?

'ए' गटाविषयी एवढे पुरे. प्रस्तुत लेखकाचा या लीगशी संबंध आला तो तिच्या पार तळाशी. आमच्या कार्यालयात आवक-जावक सांभाळणारे एक वरिष्ठ लेखनिक होते. सोमवारी सकाळी त्यांच्या करंगळीला पट्टी असली की कालचा सामना झाला, असे आम्ही ओळखत असू. त्यांच्या क्लबाचा गुणलेखक आजारी पडला म्हणून एका रविवारी त्यांनी मला आग्रहाने क्रॉस मैदानावर नेले. तंबूत गुडघाभर गारवा, वहीच्या पानांना ओल धरलेली, आणि शाईचे पेन आणल्याबद्दल मला सर्वांची बोलणी खावी लागली. तिथे शिसपेन्सिलच लागते. त्या दिवशी ते सातव्या क्रमांकावर आले आणि तासभर खेळून नऊ धावा करून परतले. संघाच्या एकूण धावा ७१. प्रतिस्पर्धी ६४ धावांत बाद झाले. गाडीत बसल्यावर ते मला म्हणाले, "त्या नऊ धावा नीट लिहिल्यात ना?" मी वही उघडून दाखवली. त्यांनी एकेका धावेवर बोट ठेवून ती कोठे मारली ते सांगितले. पंचवीस वर्षांच्या नोकरीत त्यांच्या कामाची अशी नोंद त्यांनी कोणाला दाखवल्याचे मला आठवत नाही.

या तळाच्या गटांत वयाची आणि हुद्द्याची सरमिसळ असते, ती अन्यत्र क्वचितच आढळते. सचिन तेंडुलकर १९८४ साली जॉन ब्राइट क्लबकडून कांगा लीगमध्ये उतरला तेव्हा अकरा वर्षांचा होता. अकरा वर्षांच्या मुलाला बापाच्या वयाच्या माणसांनी पूर्ण वेगाने गोलंदाजी करावी, त्यात त्याला अपमान नसून मान आहे असे दोघांनाही वाटावे, हे शाळांच्या स्पर्धेत होऊ शकत नाही आणि पैसे मोजून चालणाऱ्या प्रशिक्षणवर्गात तर नाहीच नाही. हिंदू जिमखान्याच्या माळ्याचा मुलगा एकनाथ सोलकर मैदानातल्याच खोपटात वाढला आणि पुढे २७ कसोटींत ५३ झेल घेऊन गेला. अशा कथा आपण सांगतो त्या अपवाद म्हणून. अपवाद घडायला मैदान उघडे असावे लागते, हे मात्र सांगायचे राहून जाते.

आता त्या मैदानाकडे वळू. गेल्या दशकात भुयारी मेट्रोच्या कामासाठी आझाद मैदानाचा मोठा तुकडा वर्षानुवर्षे पत्र्यांआड गेला. मेट्रो नको असे कोणी शहाणा म्हणणार नाही. रविवारी सकाळी तिने येणाऱ्यांत खेळाडूही असतील. परंतु शहराच्या प्रत्येक गरजेला मोकळी जमीन म्हटली की प्रथम मैदानच आठवते, ही सवय घातक आहे. तात्पुरते म्हणून घेतलेले चौरस मीटर खेळपट्टीच्या रूपाने परत येतात की खडी आणि सिमेंटच्या थराखाली राहतात, हे कोणीतरी मोजून पाहायला हवे. खेळपट्टी ही एका ऋतूत होत नाही. माती, रोलर आणि माळ्याची काही वर्षे त्यात जातात.

दुसरी अडचण अंतराची. मुंबईचे क्रिकेट उत्तरेकडे सरकले आहे. रोहित शर्मा बोरिवलीत वाढला, पृथ्वी शॉ विरारचा, शार्दूल ठाकूर तर पालघरचा. लीगचे बहुसंख्य सामने मात्र अजून दक्षिण मुंबईतच होतात. पालघरच्या मुलाने पहाटेची गाडी पकडून यावे आणि मैदानावर पोचल्यावर पंचांनी खेळपट्टी दाबून पाहून मान हलवावी, असे अनेक रविवार त्याच्या वाट्याला येतात. पूर्वी कार्यालयांचे संघ या मुलाला आधार देत. वाडेकर स्टेट बँकेत होते, गावसकर निरलॉनमध्ये. खेळाडूला नोकरी आणि नोकरीबरोबर सोमवारची थोडी सवलत, अशी ती व्यवस्था होती. गिरण्या गेल्या, बँकांची भरती आटली आणि ती व्यवस्था विरत गेली. आता गुणी मुलाचे लक्ष आयपीएलच्या निवडकर्त्याकडे लागलेले असते आणि त्याबद्दल त्याला दोष देता येत नाही. वाहून जाणाऱ्या रविवारांवर त्याने का विसंबावे?

यावर उपाय म्हणून लीगचा आरंभ पुढे ढकलण्याचे, ती पावसाच्या शेवटाकडे वा पावसानंतर नेण्याचे प्रयोग होत आले आहेत. सामने अधिक होतात, हा त्यामागचा युक्तिवाद खरा आहे. परंतु कोरड्या मैदानावरच्या स्पर्धा मुंबईत डझनांनी आहेत. पाऊस वजा केला तर कांगा लीग ही त्यांतली आणखी एक होईल. शिवाय हिवाळ्यात खेळपट्ट्या मिळतात त्या मोठ्या क्लबांना आणि मोठ्या स्पर्धांना. 'एफ' आणि 'जी' गटांतल्या कारकुनांना हक्काचा रविवार मिळत होता तो पावसामुळेच. ते महिने इतर कोणाला नको होते म्हणून.

तिसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. मुंबई क्रिकेट असोसिएशनमध्ये क्लबाला मत असते. तत्त्वतः हे उत्तमच. मैदानावर तंबू टाकणाऱ्याने संघटनेचा कारभार ठरवावा, यापेक्षा लोकशाही ती कोणती? पण मताला किंमत येते तेव्हा क्लबालाही येते, आणि क्लब चालवणारा व क्लब बाळगणारा हे दोन वेगळे लोक होऊ लागतात. २००१ च्या निवडणुकीत अजित वाडेकर शरद पवारांकडून पराभूत झाले, २०११ मध्ये दिलीप वेंगसरकर विलासराव देशमुखांकडून. शिवाजी पार्क आणि दादर युनियन या मैदानावरच्या दोन घराण्यांचे कसोटी कर्णधार मैदानावरच्याच मतांत हरले. राजकीय नेत्यांनी संघटनेला काहीच दिले नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. २०११ च्या विश्वचषकापूर्वी वानखेडे स्टेडियम नव्याने उभे राहिले ते त्यांच्याच काळात. आक्षेप व्यक्तींना नाही. ज्या क्लबाचे अस्तित्व मतदारयादीत ठळक आणि रविवारच्या गुणतक्त्यात पुसट आहे, त्याच्याविषयी आहे. असा क्लब खेळाडूंची संख्या भरण्यापुरते अकरा गोळा करतो. त्याला चिटणीस असतो, पण शनिवारी रात्री फोन करणारा कोणी नसतो.

मुंबईने २०२४ च्या मार्चमध्ये विदर्भाला हरवून बेचाळिसाव्यांदा रणजी करंडक जिंकला. तेव्हा संकट कोठे आहे, असे विचारले जाईल. संकट वरच्या मजल्यावर नाही. गुणी खेळाडूला आता चार वाटा आहेत. तो कांगा लीगशिवायही वर जाईल. ज्याला एकच वाट होती, जो वर जाणारच नव्हता आणि ते ठाऊक असूनही वीस पावसाळे खेळत राहिला, त्याचे काय, एवढाच हा प्रश्न आहे. शिक्षक, लेखनिक, विद्यार्थी यांना या शहरात हक्काने पाय ठेवायला मोकळी जागा उरली आहे ती किती? रंगभूमीला हौशी स्पर्धा आहेत म्हणून प्रत्येक नटाने व्यावसायिक व्हावे असे आपण म्हणत नाही. क्रिकेटचेच हिशेब आपण कसोटीच्या टोपीत का करतो?

यासाठी फार मोठ्या योजना लागणार नाहीत. लीग पावसातच ठेवावी आणि वाहून गेलेल्या सामन्यांचे दुःख करू नये. उपनगरांतील मैदानांवर खालच्या गटांचे अधिक सामने न्यावेत, म्हणजे पालघरच्या मुलाचा निम्मा रविवार गाडीत जाणार नाही. मेट्रोने घेतलेली जमीन कोणत्या तारखेला, किती खेळपट्ट्यांसह परत मिळाली, हे संघटनेने जाहीर करावे. आणि क्लबाच्या मताचा अधिकार त्याच्या रविवारशी जोडावा. नियमांच्या पुस्तकात काय लिहिले आहे यापेक्षा तेरा रविवारी मैदानावर कोण उतरले, त्यांतले किती त्या क्लबाचे नेहमीचे खेळाडू होते, हे गुणलेखकाच्या वहीतून सहज दिसते. त्या वह्या संघटनेकडे येतातच. निवडणुकीच्या वर्षी मतदारयादी करताना त्या एकदा उघडून पाहाव्यात. पाने ओलीने चिकटलेली असतील, पण शिसपेन्सिलीचे अक्षर सहसा पुसत नाही.